देवासमोर बसवत नाही, असं विचारणाऱ्या ताईसाठी

ताई, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारखी अजून कोणी वाचत असेल तर तिलाही संदर्भ लागेल. लग्नाला ९ वर्षं झाली, त्यातली बहुतेक मार खाण्यात गेली, दीड वर्षापूर्वी मुलीला घेऊन माहेरी आलीस. लहानपणी घरात रोज हरिपाठ व्हायचा, तुला तो मनापासून आवडायचा. सासरी मात्र सोळा सोमवार, गुरुवार, वटपौर्णिमा सगळं तुझ्याकडून "त्याचा स्वभाव निवळावा" म्हणून करून घेतलं. आता घरी देवासमोर बसलं की धडधडायला लागतं, कधी रडू फुटतं, कधी देवाचाच प्रचंड राग येतो आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. तू विचारलंस की भक्तीने यातून बरं होता येतं का, हे माझं प्रारब्धच होतं का, त्याला माफ करावंच लागेल का, आणि शेवटी मंगळसूत्राचं विचारलंस.

मी २१ वर्षं समुपदेशनाचं काम करते, बहुतेक सगळं सोलापूर आणि आसपासच्या बायकांबरोबर, आणि आमचं घर वारकऱ्यांचं, आजीच्या मांडीवर बसून टाळ वाजवायला शिकले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. हो, भक्तीने खूप बरं होता येतं, मी डोळ्यांनी बघितलंय, एकदोनदा नाही. पण तुझ्या घरात ज्याला भक्ती म्हणत होते ते कुलूप होतं गं. व्रत तू करायचंस आणि सुधारायचं त्याने, आणि तो सुधारला नाही की चूक तुझ्या उपासाची, म्हणजे डाव्या हाताने खाल्लं असशील, कहाणी नीट ऐकली नसशील. असं वर्षानुवर्षं झालं की उदबत्तीचा वास आणि माराची भीती डोक्यात एकत्र शिवली जातात. आता देव्हाऱ्यासमोर छाती धडधडते ती श्रद्धा कमी झाली म्हणून नाही, तुझं शरीर फक्त आठवण ठेवतंय. त्याला पाप वगैरे म्हणू नकोस.

म्हणून पहिलं काम एवढंच की ती शिवण उसवायची. सासरी ज्या पद्धतीने पूजा करायचीस त्यातलं सध्या काहीच करू नको. ती उदबत्ती नको, ते स्तोत्र नको, तो वार नको. सोळा सोमवार अर्धवट राहिले असतील तर राहू देत, उद्यापन राहिलं म्हणून शंकर मागे लागत नाही, ज्याच्या दारात भुतंखेतं पण चालतात तो तुझ्या मोजलेल्या सोमवारांवर अडून बसणार नाही. जागा बदल. देव्हारा सोडून खिडकीत बस, तुळशीपाशी बस, नाहीतर सरळ उभी रहा. डोळे मिटायचे नाहीत. हे मी मुद्दाम सांगते कारण सगळे म्हणतात डोळे मिटून ध्यान कर, शांत वाटेल, पण मार खाल्लेल्या बाईला डोळे मिटले की बऱ्याचदा तेच सगळं परत दिसायला लागतं. दिव्याच्या ज्योतीकडे बघ, विठ्ठलाच्या कमरेवरच्या हातांकडे बघ, पण उघड्या डोळ्यांनी. दहा दिवस मौन पाळायची शिबिरं वगैरे तर सध्या लांबच ठेव, ती वाईट नाहीत पण आत्ता तुझ्यासाठी नाहीत.

आणि उपास नको. तू लिहिलंयस की तिकडे भांडण झालं की दोन दोन दिवस जेवायला द्यायचे नाहीत. ज्या शरीराला शिक्षा म्हणून उपाशी ठेवलं त्याला आता देवाच्या नावाने पण उपाशी ठेवायचं नाही. एकादशीला पोटभर जेव, मुलीला मांडीवर घेऊन जेव, तोच तुझा नैवेद्य असं समज.

जप कर पण छोटा. "राम कृष्ण हरि" एका लांब श्वासात, सोडताना सावकाश. माळ १०८ ची पूर्ण झालीच पाहिजे असं नाही, अकरा मणी झाले तरी झालं. हे नुसतं श्रद्धेपोटी सांगत नाहीये. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे एक अभ्यास आला होता, त्यात योगातला मंत्र म्हणताना आणि ख्रिश्चन लोक जपमाळेवर प्रार्थना म्हणतात ती म्हणतानाही श्वास मिनिटाला साधारण ६ वर येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते असं दिसलं होतं. एरवी आपला श्वास याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा चालतो, घाबरल्यावर तर विचारूच नको. म्हणजे आपल्या आज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत होत्या त्यात त्यांच्या शरीराला पण विसावा मिळत होता.

आता रागाचं, कारण मला वाटतं तुझ्या पत्राचा खरा गाभा तिथे आहे. तू लिहिलंस की एकदा तू देवाला मोठ्याने विचारलंस "तू कुठे होतास", आणि आई घाबरून म्हणाली असं बोलू नये, देव कोपेल. ताई, आपल्या परंपरेत देवाला शिव्या देणारी माणसं संत आहेत. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, दळण कांडण शेण गोवऱ्या करणारी, तिने विठ्ठलाला "मूळ मायेच्या कारट्या" म्हटलंय आणि पुढे स्वतःच सांगितलंय, "उभी राहूनी अंगणी, शिव्या देत दासी जनी". अंगणात उभी राहून, म्हणजे चार लोकांना ऐकू जाईल असं. सातशे वर्षं झाली, तो अभंग कोणी गाळला नाही, आणि तिच्याच बाबतीत लोक सांगतात की विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसायचा. जिच्याबरोबर दळायला बसला तिच्याच शिव्या त्याने खाल्ल्या. त्यामुळे तुझा राग बाहेर काढ, वहीत लिही, विहिरीपाशी जाऊन ओरड, जमलं तर मूर्तीसमोर. मी कित्येक जणींना बघितलंय ज्या रागावर झाकण ठेवून गोड गोड आरत्या म्हणत राहिल्या आणि दोन वर्षांनी पाठ धरली, डोकं धरलं, झोप गेली. आणि ज्यांनी देवाशी भांडण केलं त्यांचं देवाशी नातं टिकलं. भांडण आपण आपल्या माणसाशीच करतो ना.

पंढरपूरला गेली असशीलच, पण पुढच्या वेळी जाशील तेव्हा एक गोष्ट लक्षात घेऊन जा. रखुमाई विठ्ठलाच्या शेजारी उभी नाहीये, तिचं देऊळ वेगळं आहे, मागच्या बाजूला. तिकडे अशी कथा सांगतात की द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसली होती, रुक्मिणी आल्यावरही उठली नाही, अपमान झाला, रुक्मिणी निघाली आणि थेट दिंडीरवनात येऊन बसली. आणि देव तिला शोधत आला. म्हणजे पंढरपूरची सुरुवातच एका रुसून घर सोडलेल्या बाईपासून होते. तिला कोणी "बायकांनी असं निघून येऊ नये" म्हटलं नाही, परत जा म्हणाले नाहीत, ती जिथे थांबली तिथेच तिचं देऊळ झालं आणि आज लाखो माणसं विठ्ठलाचं दर्शन झालं की तिच्याही पायावर डोकं ठेवून जातात. तुझ्यावर जे गुजरलं ते नुसत्या अपमानाच्या कितीतरी पलीकडचं होतं हे मला माहितीये, मी दोन्ही एका मापात मोजत नाही. पण घर सोडून आल्यापासून तुझ्या मानेवर जो अपराध बसलाय ना, तो रखुमाईसमोर उभी राहून एकदा उतरवून बघ. एका बाईला मी हीच कथा सांगितली होती, ती पहिल्यांदा काही बोललीच नाही, नंतर चार महिन्यांनी म्हणाली की मी आता तिला "वहिनी" म्हणत नाही, "मैत्रीण" म्हणते.

प्रारब्धाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मागच्या जन्मीचं भोग, असं तुला सासूने सांगितलं, देवळातल्या एका काकूंनी सांगितलं आणि आता तू स्वतःला सांगतेस. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या दर दहा बायकांमागे जवळपास तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे इतक्या घरांतून चालतं कारण मारणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि याला मागचा जन्म लागत नाही. कर्माचा सिद्धांत मानायचाच असेल तर जो हात उचलतो त्याचं ते कर्म, हिशोब त्याचा. गीता अर्जुनाला सोसत बस म्हणून सांगितली नव्हती, उठ म्हणून सांगितली होती. आणि वडीलच जर अत्याचार करत असतील तर काय, असंही मला बऱ्याच जणी विचारतात ज्यांचं लहानपण तसं गेलंय, त्यांना मी प्रल्हाद सांगते. स्वतःच्या बापाने कड्यावरून ढकललं, विष दिलं, आगीत बसवलं, आणि देव त्या पोराला "अरे, वडील आहेत, समजून घे" म्हणायला आला नाही, खांब फोडून आला. नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमेच्या संगमावर नरसिंहाचं देऊळ आहे, कितीतरी घरांचं ते कुलदैवत, पण घरात तो प्रसंग सांगताना आपण राक्षस मेला एवढंच सांगतो, तो राक्षस त्या मुलाचा बाप होता हे पटकन पुढे ढकलतो.

माफीचं असं आहे की कोणीही तुला माफ कर म्हणून घाई करत असेल तर त्यांना त्यांची स्वतःची सोय हवी असते, घरातलं अवघड वातावरण एकदाचं संपावं असं वाटत असतं. महाभारतात वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी याच विषयावर वाद घालते. भर सभेत केस धरून ओढत आणलेली बाई ती, नवरा तिला क्षमा मोठी म्हणून सांगतोय, आणि ती प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला, सांगितलेलं उत्तर देते की नेहमी तेजही बरं नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. बघ, प्रल्हादाच्याच तोंडचं. माफी कधी आपोआप आली तर येऊ दे, नाही आली तरी तू कमी भक्त होत नाहीस. आणि आली तरी माफ करणं म्हणजे परत जाणं नाही, केस मागे घेणं नाही, मुलीला त्याच्याकडे एकटीला पाठवणं नाही. या तीन गोष्टी कोणी माफीत मिसळून द्यायला लागलं तर लगेच वेगळ्या कर.

इथे मला संत बहिणाबाईंबद्दल बोलावंच लागेल कारण तुझ्या मामांनी तुला त्यांचंच उदाहरण दिलं. १७ व्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या, अगदी लहानपणी वयाने खूप मोठ्या बिजवराशी लग्न झालेलं. कोल्हापुरात असताना एक वासरू त्यांच्या मागेमागे फिरायचं, कीर्तनाला पण यायचं, आणि त्यावरून लोकांत बोलबाला झाला तेव्हा नवऱ्याने त्यांना बांधून मारलं. वासराने चारापाणी सोडलं आणि ते मेलं. त्या शुद्धीवर नव्हत्या, आणि त्या अवस्थेत त्यांना तुकोबांचं दर्शन झालं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितलंय. आपल्याकडे एका बाईने स्वतःला झालेली मारहाण स्वतःच्या शब्दात लिहून ठेवली, तीनशे वर्षांपूर्वी, हे केवढं मोठं आहे. मला त्यांचं बळ तिथे दिसतं, लपवलं नाही यात. पण हो, त्या नवऱ्याजवळ राहिल्या, पतिव्रताधर्मावरही त्यांनी लिहिलं, आणि म्हणून मामा म्हणतात बघ, संत असून पण राहिल्याच ना. ताई, त्यांच्यासमोर दुसरा दरवाजा नव्हता. कायदा नव्हता, स्वतःची कमाई नव्हती. ज्या बाईला दार नव्हतं तिचं उदाहरण दार असलेल्या बाईला बंद करायला वापरायचं नाही. बहिणाबाईंकडून लिहिणं घे. वहीत लिही काय काय झालं, तारखांसकट. ते मनाला उपयोगी पडेल आणि कोर्टात पण.

तू आणखी एक वाक्य लिहिलंस आणि खोडलंस, मला ते दिसलं, की "माझं शरीरच आता देवाला चालणार नाही". ज्यांच्यावर शारीरिक जबरदस्ती झालीय त्या जवळजवळ सगळ्या हे म्हणतात. सोयराबाई, चोखोबांची बायको, जिला देवळाच्या आत पाय ठेवू देत नव्हते, तिने विचारलं होतं की विटाळ देहात असेल तर असा कुठला देह आहे जो त्यातून जन्मला नाही. आणि मंगळवेढ्याची कान्होपात्रा, जिला बिदरच्या बादशहाची माणसं न्यायला आली होती, ती विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिने तिथेच प्राण सोडला असं सांगतात, देवळाच्या आवारात तिच्या नावाचं तरटीचं झाड दाखवतात. ती गणिकेची मुलगी होती, आणि तिची जागा बाहेर नाही, आत आहे. तुझ्या शरीराला काही चिकटलेलं नाही. ज्याने केलं त्याला चिकटलंय.

सगळ्यात जास्त फरक मी कशाने पडलेला बघितला असेल तर गाण्याने, आणि तेही दुसऱ्यांबरोबर. घरात मार चालू असताना बाईला एकच शिकवलं जातं की आवाज करू नको, शेजारी ऐकतील. वर्षानुवर्षं गळा दाबून जगलेली बाई भजनी मंडळात जाऊन बसते, पहिले काही दिवस नुसते ओठ हलवते, मग टाळ हातात येतो, मग एक दिवस "विठ्ठल विठ्ठल" च्या गजरात तिचा आवाज असा मोकळा सुटतो की आजूबाजूच्या बायका वळून बघतात. मी असं पाच सहा जणींचं तरी बघितलंय आणि प्रत्येक वेळी मला हुंदका येतो. तुझ्या गावात बायकांचं भजनी मंडळ असेलच, कोजागिरीपासून पहाटे काकडा सुरू होतो तेव्हा जाऊन बघ, अंधारात कोणी चेहरे निरखत नाही, ते बरं पडतं. हरिपाठाचे सत्तावीस अठ्ठावीस अभंग एकदम म्हणायला नको, पहिला एकच, लहानपणीच्या चालीवर, कारण ती चाल तुझ्या लग्नाच्या आधीची आहे आणि तिथे त्याचा हात पोचलेला नाही. वारीत चालावंसं वाटलं तर आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर एकदम नको, ओळखीच्या बायकांच्या दिंडीत एखादा दिवस चाल. तिथे सगळे एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, तुला स्पर्श नको वाटला तर लांबून हात जोडून "माउली" म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि पुरुषरूपातला देवच नको वाटत असेल सध्या, तर तसंही होतं, विठाई म्हण, नाहीतर तुळजापूरला जा, आईसमोर उभी रहा जिच्या हातात शस्त्र आहे.

एका बाबतीत मात्र फार सांभाळून. अशा दिवसात मनाला कोणीतरी सांगणारं हवं असतं आणि ते ओळखणारी माणसं असतात. कोणी बुवा, महाराज, माताजी एकटीला भेटायला बोलवत असेल, कुटुंबापासून तोडत असेल, पैसे किंवा दागिना मागत असेल, करणी झालीय म्हणत असेल, अंगाला हात लावून "शुद्ध" करतो म्हणत असेल, तर तिथून उठायचं, वाक्य पूर्ण ऐकायला पण थांबायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसात तक्रार करता येते. माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी काही एका घरातून सुटून दुसऱ्या मठात अडकलेल्या होत्या, आणि त्यांना बाहेर काढणं जास्त अवघड गेलं कारण तिथे देवाचं नाव होतं.

आणि डॉक्टर. झोप लागत नाही, दचकून उठते, जेवण जात नाही असं तू लिहिलंयस, हे सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललंय. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो तिथे दाखव, गोळी लागली तर घे. गोळी घेतली म्हणून नामस्मरण खोटं ठरत नाही, ताप आला की आपण क्रोसिन घेतोच की. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण चालतो, मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटलं तर माळ बाजूला ठेव आणि आधी आईला उठव आणि हा नंबर लाव. तो दारात आला, धमकी दिली तर ११२, आणि महिलांसाठी १८१. घटस्फोट न घेता सुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश, पोटगी, मुलीचा ताबा हे मागता येतं, त्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नको, कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो.

मंगळसूत्राचं. ते तू देव्हाऱ्यात ठेवलंयस आणि रोज पूजेला बसलं की तेच पहिलं दिसतं, घालवत नाही आणि टाकवत नाही. आधी ते देव्हाऱ्यातून काढ, देवाजवळ फक्त देव असू देत. गळ्यात घालायचं की नाही हे ठरवायची आत्ता घाई नाही, आणि आई म्हणते म्हणून पण नाही, मी म्हणते म्हणून पण नाही. लग्नात तुला मिळालेलं सगळं सोनं तुझं स्त्रीधन आहे, सासरी राहिलेलंही कायद्याने मागता येतं. तेव्हा ते आत्ता नीट वजन करून, फोटो काढून, पावती असली तर पावतीसकट बँकेच्या लॉकरमधे ठेव, लॉकर नसला तर आईच्या कपाटात, आणि वकिलाला पहिल्या भेटीतच त्याची यादी दे. देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी होईल तिथे मुलीला काय ठेवायचंय ते विचार, पोरं बरोबर काहीतरी आणतात, एखादं फूल, नाहीतर नदीतला गोटा.